भावाचं मनगट आणि पुढचे शॉकअप

आमच्या घरात तोंडाआधी हात चालतो. मी हे लाजून सांगत नाही आणि मिरवतही नाही, आहे ते आहे. मायचा हात पाठीत पडायचा, भावाचा तोंडावर, आणि माझ्या हातात बहुतेक वेळा पाना असायचा म्हणून लोक माझ्यापासून जरा लांबच उभे राहायचे. चांदूर बाजारच्या रस्त्याला आमचं घर आहे. मागे झेंडूचं आणि वांग्याचं वावर, पुढे पत्र्याखाली माझं वर्कशॉप. वावर मायचं, वर्कशॉप माझं. धाकटा भाऊ दोन्हीकडचा, म्हणजे कुठल्याच कामाचा नाही, असं माय म्हणायची. तो मातीतल्या शर्यतीत गाडी पळवायचा.

गाडी म्हणजे जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल, आम्हा दोघांच्या जन्माच्या आधीची. अकोल्याच्या भंगारातून मामानं ती उचलली होती. त्याच मामाकडे मी कॉलेजसाठी राहायला गेले, कॉलेज अर्ध्यात सुटलं आणि हातात शॉकअप आले. मामा गेला, त्याचं लेथ मशीन अजून अकोल्यात चालू आहे आणि अवघड काम असलं की मी तिथेच जाते. इंजिनाच्या मागे सगळेच असतात. गाडी पळाली पाहिजे एवढंच लोकांना कळतं. ती आदळेल तेव्हा काय करायचं, हे विचारायला माझ्याकडे आजवर कोणी शहाणा आला नाही, आले ते सगळे आदळून झाल्यावर आले.

पुढच्या चाकाला दोन बाजूंनी दोन नळ्या असतात, तेच पुढचे शॉकअप. आत स्प्रिंग आणि तेल. चाक ढेकळावर चढलं की स्प्रिंग दबते, तेल आतल्या दांडीच्या भोकांतून पळतं आणि धक्का तिथल्या तिथे मरतो. जुन्या गाड्यांत ही भोकं लहान आणि एकाच मापाची. सावकाश दाबलं तर तेल सहज निघून जातं, म्हणून ब्रेक मारला की गाडी नाकावर बसते. पण जोरात आदळलं तर तेवढ्याशा भोकांतून तेल निघतच नाही. ते अडतं. त्या क्षणी शॉकअप म्हणजे नुसती लोखंडी सळई, आणि सगळा मार हँडलातून मनगटात.

यावर आमच्याकडचा इलाज ठरलेला: कडक करा. वऱ्हाडात कडक हा कौतुकाचाच शब्द आहे. चहा कडक, माणूस कडक, शॉकअपही कडक. स्प्रिंगवर स्प्रिंकलरच्या पाइपाचा वीतभर तुकडा ठेवायचा, वरून टोपण दाबून आवळायचं, आणि आत पातळ तेलाऐवजी गिअरबॉक्सचं नव्वद नंबरचं तेल ओतायचं. मधासारखं जाड. मग गाडी जागेवर दाबून पाहायची, ती दबली नाही की मित्रांनी पाठ थोपटायची. जे तेल आधीच भोकातून निघत नाही ते आणखी घट्ट केलं तर काय होईल, हे कोणी विचारत नाही. मी सांगितलं तर म्हणायचे, बाई, तुम्ही स्कुट्या बघा.

मागच्या उन्हाळ्यात अकोल्याच्या बाहेर एका पडीत वावरात शर्यत होती. काळी जमीन, पाय जाईल एवढ्या भेगा, आणि मधले धुरे, म्हणजे बांध, उड्या मारायला तसेच ठेवलेले. भावानं शॉकअप स्वतः भरले होते, आपल्या पद्धतीनं. मी धुऱ्याजवळ उभी होते. दुसऱ्या फेरीत तो धुऱ्यावरून उडाला, चांगला उडाला, लोक ओरडले. खाली आला तो पुढचं चाक नेमकं भेगेच्या काठावर. शॉकअप बोटभरही दबला नाही. त्याचा उजवा हात हँडलवरून सुटून मागे वळला, हात ज्या बाजूला कधी वळत नाही त्या बाजूला, आणि तो तोंडावर मातीत गेला. मागून येणारी गाडी त्याच्या पाठीवरून गेली. माझ्या अंगावर त्या ढेकळांचा चुरा उडाला.

तो उठला. नाकातोंडातून रक्त, हात लोंबतो आहे, आणि उठून त्यानं पहिलं काम काय केलं तर गाडीला लाथा घातल्या. मी त्याला धरायला गेले तर मलाही एक लाथ बसली.

अमरावतीच्या दवाखान्यात मनगटात पट्टी आणि स्क्रू बसवले. डॉक्टर तरुण होता, स्पष्ट बोलणारा. म्हणाला, हाड जुळेल, पण याच जागी पुन्हा मार बसला तर बोटं वळतील याची मी खात्री देत नाही. माय बाजूला उभी होती. तिनं विचारलं, "वळन नाई म्हंजे काय?" डॉक्टरनं आपली मूठ करून दाखवली आणि म्हणाला, असं होणार नाही.

पुढे कितीतरी दिवस माय त्याला घास भरवत होती. वावरातून यायची, हात धुवायची, भाकरी कुस्करायची आणि शिव्या देत देत त्याच्या तोंडात कोंबायची. तो लहान मुलासारखा तोंड उघडायचा. प्लॅस्टर निघालं त्याच दिवशी म्हणाला, "दसऱ्याले अमरावतीले शर्यत हाये. मी जाऊन राहिलो."

मायनं हातातलं ताट भिंतीवर फेकलं. आमच्यातल्या कोणी एकदा ठरवलं की डोकं फोडलं तरी तो मागे येत नाही, आणि डोकं फोडायचे प्रयोग आमच्या घरात होऊन गेले आहेत. तो जाणार होता. मग माझ्या हातात एकच गोष्ट उरली. त्या मनगटापर्यंत मार पोचू द्यायचा नाही.

आता कोणी विचारेल, एवढी माया कशाची? कारण हाच हात माझ्या तोंडावर पडलेला आहे. माझी डाव्या बाजूची एक दाढ त्याच हातानं गेली, वर्कशॉपात, बारक्या कारणावरून. तेव्हा मीही त्याच्या पायावर हातोडी घातली होती, हिशेब राहिला नाही. पण खरं सांगायचं तर मला त्या हाताची भीती वाटायची. तो उठला की माझे खांदे आपोआप वर यायचे. तरी तो वाचला पाहिजे असं मला वाटत होतं. तो माझा भाऊ आहे, आणि राग येतो तेव्हाही तो माझा भाऊच असतो.

तर मी शॉकअप उघडले. जुन्या शॉकअपात बसवायचे नवे व्हॉल्व्ह येतात, बाहेरच्या देशातून मागवावे लागतात. सुपारीएवढी वस्तू. सावकाश दाबलं तर तो व्हॉल्व्ह तेलाला अडवून धरतो, आणि जोराचा मार आला की त्याची छोटी स्प्रिंग उघडून तेलाला मोठी वाट करून देते. तो बसवायचा तर आतल्या दांडीची भोकं आधी मोठी करावी लागतात, नाहीतर तेल व्हॉल्व्हपर्यंत पोचायच्या आधीच तिथे अडकतं. दांड्या घेऊन मी अकोल्याला गेले, मामाच्या लेथवाल्याकडे बसून भोकं पाडून घेतली, कडा कानशीनं स्वतः घासल्या. स्प्रिंगा भावाच्या वजनाला जमतील अशा नव्या घेतल्या. स्प्रिंगवरचे पाइपाचे तुकडे मापानं कापले. तेल पातळ, दोन्ही नळ्यांत एकाच उंचीपर्यंत.

मग त्याला गाडीवर बसवलं. तो बसल्यावर पुढचा भाग किती दबतो ते पट्टीनं मोजायचं, टोपण उघडून तुकडा जरा कमी करायचा, परत बसवायचं. "बस. ऊठ. बस." तो वैतागला. शेवटी त्यानं पुढचा ब्रेक धरून गाडी दाबून पाहिली. ती दबली, आणि सावकाश वर आली.

"हे काय करून ठेवलं वं? लोळून राहिली गाडी. बाईमाणसाची गाडी झाली हे."

"बाईमाणसानंच केली हाये. उतर, नाई तं पाडीन."

"तुह्या हातात देली थेच चुकलं."

मी रबरी हातोडा फेकला, तो त्याच्या छातीवर बसला. त्यानं माझी वेणी धरली आणि मला बाकड्यावर आपटलं, डाव्या हातानं, उजव्यात अजून ताकद नव्हती. मी त्याच्या कानाला चावले. तेलाचा डबा सांडला, आम्ही दोघं त्या तेलात घसरलो आणि घसरून खाली पडल्यावरही मारत राहिलो. माय वावराच्या कुंपणातून पऱ्हाटीची, कापसाच्या झाडाची, काडी घेऊन आली. तिनं कोण, काय, विचारलं नाही. दोघांना सारखं झोडपलं. माझ्या दंडावरचे वळ पोळ्यापर्यंत होते.

दुसऱ्या दिवशी मी गाडी काढली आणि त्याच्यासमोर वावराच्या तिन्ही धुऱ्यांवरून नेली, उभी राहून, वेग न सोडता. चाक खाली आपटत होतं आणि माझ्या तळहाताला ते नुसतं कळत होतं, लागत नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी एकटीच शिव्या देत हसत होते. परत येऊन किल्ली त्याच्या अंगावर फेकली. तो गेला, बऱ्याच वेळानं आला, गाडी लावली आणि म्हणाला, "ठीक हाये." आमच्याकडे यावर स्तुती नसते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी औजारांची पूजा होते. घरातलं एकूण एक औजार धुऊन, पुसून, पोत्यावर मांडायचं, हळदकुंकू, फुलं वाहायची, आणि मग दुसऱ्या दिवशीची आरती होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. औजारांचा तो आरामाचा दिवस. आमच्याकडे तर झेंडूचीच शेती, त्यामुळे पूजेवर फुलांचा ढीग. मायनं पहाटेच सगळं मांडलं होतं. तिचे विळे, खुरपी, फवारणीचा पंप, आणि शेजारी माझे पाने, ॲलन चाव्या, हातोड्या. प्रत्येकावर कुंकवाचं बोट.

मी गाडीला फूल घालायला गेले. सहज हँडलवर भार टाकला. गाडी हलली नाही.

पुन्हा दाबलं. दगड. खाली वाकून पाहिलं तर पत्र्याच्या कोपऱ्यात नव्वद नंबरच्या तेलाचा रिकामा डबा, आणि करवतीनं कापलेल्या पाइपाचा चुरा. रात्री मी झोपल्यावर त्यानं सगळं बदललं होतं. व्हॉल्व्ह आत होते, पण त्या तेलात आणि त्या दाबात व्हॉल्व्ह असून नसल्यासारखे. मित्रांनी डोकं भरवलं असणार. शर्यत दसऱ्याच्या सकाळी, आणि आरती व्हायच्या आत तो मैदानावर पोचलेला असणार. म्हणजे करायचं ते आजच.

मी पोत्याकडे गेले आणि फुलांत हात घातला. एकोणीसचा पाना हाताला लागला तोच मायचा तडाखा मनगटावर बसला. पाना पडला.

"लाज हाये का तुले? आज?"

"माय, त्यानं शॉकअप पुन्हा कडक केले."

"उद्या कर."

"उद्या थो गेला असंन."

मी परत वाकले. तिनं माझ्या केसांना धरून मागे ओढलं आणि तोंडात मारली. आवाज ऐकून भाऊ बाहेर आला. त्याला कळलंच काय चाललं आहे. तो माझ्या आणि गाडीच्या मधे उभा राहिला, छाती काढून. मी त्याला ढकललं. त्यानं मला ढकललं ते मी सरळ पूजेवर जाऊन पडले, पंपाचा दांडा बरगडीत घुसला, कुंकू सांडलं, फुलं चेंदली. आता मोडायचं काही राहिलंच नव्हतं. मी तिथूनच ओरडले, "जाय मंग! जाय आन् हात तोडून घे! पुन्हा भरव वं माय त्याले, जलमभर भरव!"

माय थांबली. ती माझ्याकडे पाहत होती, पण मारायच्या नजरेनं नाही.

"तू उघडले तं हात वाचन काय?"

"वाचन."

"नक्की सांग."

"शॉकअपापासून वाचन. माह्यावर सोड."

ती खाली बसली. चेंदलेल्या फुलांतून तिनं पाना शोधला, पदरानं त्याचं कुंकू पुसलं, आधी कपाळाला लावला आणि मग माझ्या हातात दिला. मायनं पूजेतलं औजार उचललेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. भाऊ काही बोलायला गेला तर त्याला म्हणाली, "बस तठी. हालला तं दोन्ही पाय मोडीन." तो बसला.

मी टोपण फिरवायला लागले. त्यानं पाइपाचा तुकडा इतका लांब कापला होता की टोपण जेमतेम दोन आट्यांवर अडकलेलं होतं. हे मला कळायला हवं होतं, पण राग डोळ्यांत होता. शेवटचा आटा सुटला आणि टोपण बंदुकीसारखं उडालं. माझ्या भुवईवर लागलं. रक्त डोळ्यात उतरलं, जाड काळं तेल गळ्यात. माय किंचाळली. मी म्हटलं, काही नाही, फडकं दे. एक डोळा मिटून मी दोन्ही शॉकअप रिकामे केले, पातळ तेलानं धुतले, परत मापानं भरले, माझे तुकडे बसवले. भाऊ बसल्या जागेवरून बघत होता. माझी भुवई अजूनही तिथे दुभंगलेली आहे.

दसऱ्याच्या सकाळी माय झेंडूची पोती घेऊन अमरावतीच्या बाजारात गेली, तो तिचा वर्षातला मोठा दिवस. आम्ही टेम्पोत गाडी घालून मैदानावर. मैदान कसलं, सोयाबीन काढलेलं वावर. वरून वाळलेलं, आतून ओलं, आणि जमिनीत सोयाबीनचे खुंट उभे. पडला तर पोट फाडतील असे. पहिल्याच वळणावर एक जण पडला आणि त्याच्या मांडीत खुंट घुसला. त्याला बाहेर ओढलं आणि शर्यत तशीच चालू राहिली.

मी फक्त आमच्या गाडीच्या पुढच्या चाकाकडे पाहत होते. ते वेड्यासारखं वरखाली नाचत होतं आणि त्याच्यावर हँडल शांत होतं. धुऱ्यावरून उडाला, आपटला, पुढचा भाग खोल बसला आणि एकदाच वर आला. बाकीच्यांचे हात हँडलवर झटके खात होते, त्यांची डोकी मागेपुढे होत होती. त्याचे खांदे सैल होते. मी भुवईवरची पट्टी दाबून धरून ओरडत होते, काय ते आठवत नाही, शेजारच्या बुवानं आपल्या पोराला माझ्यापासून दूर नेलं. भाऊ दुसरा आला. गाडी थांबवून त्यानं उजवा हात वर केला, हातमोजा दातांनी ओढून काढला आणि मला लांबूनच बोटं उघडून मिटून दाखवली. मला रडू आलं.

मी त्याच्याकडे चालत निघाले होते. तेवढ्यात मागून येणारा, तिसरा आलेला अकोल्याचा एक स्वार त्याच्या शेजारी थांबला. हेल्मेट डोक्यातच होतं, नुसती काच वर केलेली. तो आमच्या शॉकअपाकडे पाहून हसला.

"काय बे, बहिणीनं पाळणा बांधून देला काय? अंगाईबी म्हनते का थे रातच्याले?"

भावानं ठोसा मारला. उघड्या हातानं, म्हणजे हातमोजा नसलेल्या हातानं, हेल्मेटच्या हनुवटीवर. सगळं अंग त्यात घातलं होतं. या वेळी मला आवाज आला. वाळकी पऱ्हाटी गुडघ्यावर मोडावी तसा. तो माणूस गाडीसकट आडवा झाला आणि भाऊ आपला हात पोटाशी धरून गुडघ्यावर बसला. त्या स्वाराचे दोस्त धावून आले. एकानं भावाच्या पाठीत लाथ घातली. मग मीही मधे पडले, कोणाचं तरी हेल्मेट हातात आलं आणि ते मी फिरवत सुटले. कोणाचे तरी दात माझ्या अंगावर आले. लोकांनी आम्हाला वेगळं केलं तेव्हा भावाचा हात मनगटाखाली सुजून काळा पडला होता.

दवाखाना तोच, डॉक्टरही तोच. माय बाजारातून धावत आली, तिच्या पदराला झेंडूच्या पाकळ्या चिकटलेल्या. तिनं पलंगाजवळ जाऊन विचारलं, "काय झालं रे?"

भाऊ छताकडे पाहत म्हणाला, "शॉकअप बसला. पाइप वाकला, तोंडावर गेलो."

मी दारात उभी होते. माय वळली. ती चालत माझ्यापर्यंत आली आणि तिनं मला मारलं, व्हरांड्यात, सगळ्या पेशंटांसमोर, एकदा नाही. मी हात वर केला नाही.

"माह्या हातानं देला व्हता म्या तुले पाना. पूजेतून काढून देला. तू म्हनली व्हती वाचन."

मला राग आला होता. भावाचा, मायचा, त्या छताचा. मी जिना उतरून खाली गेले. टेम्पोत गाडी आडवी पडली होती. मी पाने काढले, चाक खोललं, दोन्ही शॉकअप उतरवले, खालचे बोल्ट काढून आतले पाइप, म्हणजे वरच्या नळ्या, ओढून बाहेर घेतले. टेम्पोभर तेल झालं. ते चकचकीत पाइप कोपरापर्यंत तेल ओघळत मी वर घेऊन गेले. नर्स ओरडली, मी थांबले नाही.

पाइप वाकला की नाही हे पाहायला आम्ही तो काचेवर नाहीतर गुळगुळीत फरशीवर लोळवतो. केसभर वाकडा असला तरी तो अडखळतो, टकटक वाजतो. मायनं हे माझ्या दारात शंभरदा पाहिलं आहे. मी पहिला पाइप दवाखान्याच्या फरशीवर ठेवला आणि ढकलला. तो एकसारखा घरंगळत पलंगाखाली गेला आणि पलीकडच्या भिंतीला लागला. दुसरा ढकलला. तोही तसाच गेला, मायच्या पायाशी. तिनं तो पायानं थांबवला.

मग ती भावाला म्हणाली, "मंग कायनं तुटला?"

त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"कायनं तुटला?"

"ताईले बोलला थो," भाऊ म्हणाला. "म्या ठोसा मारला."

मला वाटलं माय आता त्याला सोडत नाही. तिनं त्याला हात लावला नाही. ती स्टुलावर बसली आणि पदरानं फरशीवरचं तेल पुसायला लागली, पुसून ते आणखी पसरत होतं. मला बोललेलं त्याला सहन झालं नाही म्हणे. हेच स्वतः माझ्या तोंडावर बोलताना त्याला काही झालं नव्हतं. तरी ते ऐकून माझा राग अर्धा गळाला, आणि गळाला म्हणून मला स्वतःचाच राग आला.

हाड जुळलं. बोटं वळली नाहीत, डॉक्टरनं सांगितलं होतं तसंच. अंगठा आणि पहिलं बोट थोडं येतं, बाकीची तीन अर्ध्यावर थांबतात. ॲक्सिलेटर पिरगाळता येत नाही, त्यामुळे शर्यत संपली. तो आता वर्कशॉपात बसतो, गिऱ्हाइकांशी बोलतो, डाव्या हातानं जमेल ते करतो. माझ्याकडे जुने शॉकअप घेऊन अकोल्यापर्यंतची पोरं येतात. तो त्यांना सांगतो, कडक करू नका बे, आणि ते ऐकतात, माझं ऐकत नव्हते.

परवा एका स्प्रिंगवरून आमचं जुंपलं. त्यानं उलटी बसवली होती, मी त्याला गिऱ्हाइकासमोर गाढव म्हटलं. तो ताडकन उठला. उजवाच हात उठला, सवयीनं. माझे खांदे वर आले, डोळे मिटले, मी तशीच उभी राहिले. काही झालं नाही. डोळे उघडले तर तो हात माझ्या तोंडासमोर हवेत होता, मूठ करायचा प्रयत्न करत होता, आणि बोटं उघडीच राहत होती. तो त्यांच्याकडे बघत होता. त्याचे डोळे भरले होते. याच हातासाठी मी देवाची पूजा मोडली, भुवई फोडून घेतली, मायचा मार खाल्ला. आणि तो वाचला नाही याचं मला त्या वेळी बरं वाटलं.